निवृत्त हर्क्युलिसचं पोट आणि जखमींच्या हवाई वाहतुकीची शाळा

डॉक्टर मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेवेतून काढलेल्या लष्करी मालवाहू विमानाचा सांगाडा हाती आला, तर जखमींना विमानातून नेण्याचं प्रशिक्षण देणारा सिम्युलेटर त्यातून कसा उभा करतात, पैसे कशावर घालायचे, आणि आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयाला हे झेपेल का. आपत्कालीन विभागात शिकवत असलात तरी विमानातलं काही कळत नाही, असंही तुम्ही लिहिलंत. त्याने काही अडत नाही. या कामाची सुरुवात विमानापासून करणारे बहुतेक जण चुकतात. सुरुवात करायची ती नर्सच्या हातांपासून आणि कानांपासून.

मी बायोमेडिकल इंजिनिअर, मूळचा साताऱ्याचा, गेली १८ वर्षं अमेरिकेत ओहायोमध्ये. या काळात सी-१३० हर्क्युलिस या अमेरिकी लष्करी मालवाहू विमानाच्या तीन सांगाड्यांवर मी काम केलं. म्हणून बोलणार आहे ते मुख्यतः सी-१३० बद्दल. शेवटी आपल्याकडच्या विमानांकडे येतो.

आधी खरं विमान कशाला हवं, ते बघू. लाकडी चौकट उभी करून वर पत्रा ठोकला तरी आकार येतो, आणि पैसे नसतील तर तसं जरूर करावं. पण सी-१३० च्या मालकक्षाची मापं बघा. लांबी सुमारे १२.२ मीटर, रुंदी ३ मीटर, उंची २.७ मीटर. म्हणजे साधारण ४०० चौरस फूट, मुंबईतल्या वन-रूम-किचनएवढी जागा. तेवढ्या जागेत एकावर एक असे ७४ स्ट्रेचर बसतात. लांब आवृत्तीत, म्हणजे आपल्या हवाई दलाकडे आहे त्या सी-१३०जे-३० मध्ये, ९७. अमेरिकी हवाई दलाच्या नेहमीच्या पथकात दोन फ्लाइट नर्स आणि तीन तंत्रज्ञ, अशी पाच माणसं. अत्यवस्थ रुग्ण असतील तर एक डॉक्टर, एक क्रिटिकल केअर नर्स आणि एक श्वसनोपचार तंत्रज्ञ असं तिघांचं वेगळं पथक येतं, आणि व्हेंटिलेटरवरचे तीन रुग्ण ते सांभाळतं. सगळ्यात खालच्या स्ट्रेचरवरच्या माणसाची नाडी बघायला गुडघ्यावर बसावं लागतं, वरच्याची सलाइन बदलायला कशावर तरी चढावं लागतं, आणि मधल्याच्या छातीवर दाब द्यायला हात सरळ होत नाहीत. ही अडचण हेच तुमचं शिक्षणसाहित्य. खरा सांगाडा ती अडचण सेंटिमीटरपर्यंत प्रामाणिकपणे देतो. हाताने बांधलेल्या चौकटीत ती नकळत सैल होते, कारण सुतारही माणूसच आहे, तो जाण्यायेण्यापुरती जागा सोडतो.

तीनही कामांत माझा सगळा झगडा याच एका गोष्टीवर झाला. सोयीसाठी केलेला प्रत्येक बदल एक धडा खाऊन टाकतो. दिवे वाढवा, धडा गेला. आवाज कमी करा, धडा गेला. स्ट्रेचर कायमचे जोडून ठेवा, सगळ्यात मोठा धडा गेला.

हा शेवटचा मुद्दा नीट सांगतो. लष्करी मालवाहू विमान हे उडतं रुग्णालय नसतं. ते जाताना रसद घेऊन जातं आणि येताना जखमींना आणतं. अमेरिकेत फ्लाइट नर्सची पहिली तुकडी १८ फेब्रुवारी १९४३ रोजी केंटकीतल्या बोमन फील्डवर तयार होऊन बाहेर पडली. त्यांचं विमान होतं सी-४७, म्हणजे आपण ज्याला डकोटा म्हणतो तेच. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन डकोटा श्रीनगरला उतरली, आणि मग परतीच्या फेऱ्यांत जखमींना घेऊन आली. तासाभरापूर्वी ज्या जमिनीवर पेट्या होत्या, तिथे आता माणसं झोपवायची. म्हणजे नर्सचं पहिलं काम रुग्ण बघणं नसून जागा तयार करणं आहे. उभे खांब बसवायचे, छतापासून पट्टे सोडायचे, कुठला रुग्ण कुठल्या थरात ठेवायचा ते ठरवायचं, ऑक्सिजन आणि वीज कुठून येणार ते बघायचं. हे सगळं घड्याळाशी झुंजत. म्हणून सिम्युलेटर प्रत्येक सत्रापूर्वी पूर्ण रिकामा करायचा. रिकामा करायला आणि पुन्हा लावायला तासभर जातो, प्रशिक्षक कुरकुरतात, व्यवस्थापनाला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. तरी ऐकू नका.

आता सांगाडा येतो कुठून. अमेरिकेत बहुतेक ॲरिझोनातल्या टक्सन शहराजवळच्या डेव्हिस-मॉन्थन तळावरून. तिथली हवा कोरडी आणि जमीन घट्ट, म्हणून निवृत्त लष्करी विमानं तिथे ओळीने उभी असतात. सी-१३० चं पहिलं उड्डाण २३ ऑगस्ट १९५४ चं, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांची संख्या मोठी आहे. यात एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. या विमानाला म्हातारपण येतं ते प्रामुख्याने पंखांच्या मधल्या भागात. दोन्ही पंख धडाच्या वर जिथे जोडले जातात, त्या पेटीसारख्या रचनेला वर्षानुवर्षांच्या ताणाने तडे जातात आणि विमान उडवणं धोक्याचं होतं. धड मात्र तोवर ठणठणीत असतं. उडण्याला नालायक ठरलेलं विमान शिकवायला अगदी लायक असतं, ते यामुळे.

विमान ताब्यात येण्याआधी त्याचं लष्करीपण काढून घेतात. गुप्त संदेशयंत्रणा, बचावाची उपकरणं, चिलखती पत्रे. तुमच्याकडे येईल तेव्हा हे झालेलं असेल. पण पुढची साफसफाई तुमच्या डोक्यावर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माणसं आजारी पडतात ती इथेच. विमानाच्या आतल्या पत्र्यावर जो पिवळट-हिरवा प्रायमर दिसतो त्यात क्रोमेट असतं. त्यावर कोरडं घासकाम केलं किंवा बेधडक ड्रिल मारलं की ती धूळ फुप्फुसात जाते, आणि ती कर्करोगाला कारण होते. गंज रोखायला बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो. तो तापला की विषारी वाफ सुटते, म्हणून गॅस कटर लावायचा नाही. जुन्या विमानांत उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉस सापडतं. फार जुन्या विमानांच्या घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. आग विझवण्याच्या बाटल्या उघडणारे छोटे स्फोटक खटके विमान मृत झालं तरी जिवंत असू शकतात. इंधन आणि हायड्रॉलिक तेल नळ्यांच्या वाकणांत वर्षानुवर्षं बसून राहतं. याची यादी करून, जाणकार माणसाकडून तपासून, लेखी घेतल्याशिवाय विद्यार्थ्याला आत पाऊल टाकू देऊ नका. पहिल्या सांगाड्यावर आमच्या चमूतल्या एका तरुण फिटरने मास्क न लावता छतात भोकं पाडली होती. दोन तासांनी मी बघितलं तेव्हा त्याच्या भुवयांवर पिवळी पूड होती. पुढे त्याला काही झालं नाही, पण तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पंख आणि शेपटाचा उभा भाग काढून धड रस्त्याने आणतात. आणल्यावर ते चाकांवर उभं ठेवायचा मोह होतो, दिसायला छान दिसतं म्हणून. चाकांवर ठेवू नका. टायरमधली हवा हळूहळू उतरते, धड एका बाजूला कलतं आणि रॅम्पचा उतार बदलतो. मालकक्षाची जमीन मैदानापासून साधारण १ मीटर उंच असते. तेवढ्याच उंचीवर लोखंडी पाळण्यात धड पक्कं बसवा. मागचा रॅम्प पूर्ण खाली सोडला की जो चढ तयार होतो, तो चार माणसांनी स्ट्रेचर खांद्याइतकं उचलून पार करायचा असतो. त्या चढाचा कोन चुकला तर त्यांच्या पाठीला चुकीची सवय लागते.

आणि खरा रॅम्प वाचवा. सी-१३० मध्ये रॅम्प आणि त्यावरचा दरवाजा सहायक हायड्रॉलिक यंत्रणेवर चालतो. तिचा दाब सुमारे २०० बार, शिवाय हाताने मारायचा पंप वेगळा. पंपाची मोटर विमानाच्या विजेवर चालणारी, म्हणून लोक ती उपटून साधी विंच बसवतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते चुकीचं नाही. पण मला हातपंप ठेवलेला आवडतो. वीज गेल्यावर लोडमास्टर, म्हणजे विमानात माल चढवण्या-उतरवण्याचं बघणारा माणूस, घाम गाळत पंप मारतोय आणि रॅम्पच्या टोकाशी दोन स्ट्रेचर ताटकळलेत, हा प्रसंग एकदा अनुभवला की नर्स स्वतःहून विचारते, आधी कुणाला आत घ्यायचं?

जमिनीवरच्या कड्या तशाच ठेवा. माल बांधायच्या या कड्या २०-२० इंचांच्या चौकटीत बसवलेल्या असतात. ऑक्सिजनचं नळकांडं असो की औषधांची पेटी, सगळं या कड्यांना बांधलेलं हवं, कारण विमान जोरात आपटलं तर सैल वस्तू गोळीसारखी सुटते. सिम्युलेटर हलत नाही, त्यामुळे बांधायचं राहून गेलेलं दिसून येत नाही. आमच्याकडे एक साधा नियम होता. सत्र संपलं की प्रशिक्षक प्रत्येक वस्तू हाताने ओढून बघायचा. जी हलेल ती कुणाच्या छातीवर पडली असती, त्या रुग्णाचं नाव घेऊन सांगायचं. गोष्ट साधी, पण मुलं ती वर्षभर विसरत नसत.

स्ट्रेचर नाटो मापाचे घ्या, लांबी २२९ सेंटिमीटर आणि रुंदी ५८. रुग्णालयातली ट्रॉली इथे उपयोगाची नाही. आणि मॅनिकिनचं, म्हणजे रुग्णाच्या जागी ठेवायच्या सरावाच्या पुतळ्याचं, वजन बघा. महागडे, बोलणारे-श्वास घेणारे मॅनिकिन बहुतेक ३५-४० किलोंचे असतात. जखमी जवान मात्र गणवेशासह ८० किलोंचा. वाळूच्या पिशव्या बांधा. रॅम्पवर चढताना चौघांपैकी मागच्या दोघांच्या हातांवर किती भार येतो, ते हलक्या पुतळ्याने कधीच कळत नाही.

इंजिनं चालू असताना रुग्ण चढवण्याचा सराव करायचा असेल तर रॅम्पच्या मागे मोठे औद्योगिक पंखे लावा. वाऱ्याच्या झोताने ब्लँकेट उडतं, कागद उडतात, रुग्णाच्या डोळ्यांत कचरा जातो. नर्सला आधीच सगळं खोचून-बांधून यायची सवय लागते.

आता आवाज. तुम्ही फक्त एका गोष्टीवर पैसे घालू शकत असाल तर यावर घाला. सी-१३० च्या पोटात स्टेथोस्कोप निरुपयोगी असतो. छातीत हवा शिरते आहे का, ते कानाने कळत नाही. छाती उचलली जाते का ते हाताने बघायचं, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफची रेषा बघायची, नळीत दव जमतंय का ते बघायचं. वॉर्डात अलार्म वाजला की मान आपोआप वळते. इथे अलार्म ऐकूच येत नाही, म्हणून डोळ्यांना मॉनिटरवर फेरी मारायची सवय लावावी लागते. रुग्णाला "कुठे दुखतंय?" विचारायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. हे सगळं व्याख्यानात सांगून होत नाही.

त्या आवाजाचा एक स्वतःचा सूर असतो. जुन्या सी-१३० चा प्रोपेलर मिनिटाला १०२० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १७. पाती चार, म्हणून ६८ हर्ट्झची घरघर. नव्या जे आवृत्तीला सहा पाती, म्हणून १०२ हर्ट्झ. हा खालचा सूर कानापेक्षा छातीत आणि तळपायात जास्त जाणवतो. साध्या स्पीकरमधून तो निघत नाही. मोठे सबवूफर लागतात, आणि जमिनीखाली पत्रा हलवणारे कंपक बसवले तर उत्तम. कंपनाने बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरची लाट बिघडते, ईसीजीत खोट्या लाटा दिसतात, सुई धरलेला हात थरथरतो. अख्खा सांगाडा हलवणारी यंत्रणा मात्र घेऊ नका. ती फार महाग, देखभालीला अवघड, आणि तिने शिकवलेलं कंपकांनी शिकवलेल्यापेक्षा फारसं वेगळं नसतं. वैमानिकाला हालचालीतून शिकायचं असतं. नर्सला कंपनातून.

आवाज किती ठेवायचा? खऱ्या विमानाइतका नको. ८५ डेसिबल आठ तास सुसह्य मानतात, आणि दर ३ डेसिबलमागे तो वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला जेमतेम एक तास. विद्यार्थी तासभर येऊन जातात, प्रशिक्षक मात्र दिवसभर आत असतो, आणि बहिरा होईल तो तोच. आम्ही ८५ च्या आसपास ठेवत असू आणि सगळ्यांना कान झाकणारे हेडसेट सक्तीचे. बोलणं ऐकू न येण्याइतपत आवाज झाला की काम भागलं.

प्रकाशाचंही तेच. एका कामात तपासणीच्या आग्रहाखातर आत पांढरे लखलखीत दिवे कायमचे लावले गेले. आणीबाणीत ते लागणारच, आणि लाल बटण दाबताच ते पेटले पाहिजेत, आवाज बंद झाला पाहिजे, रॅम्प मोकळा असला पाहिजे. यात तडजोड नाही. पण प्रशिक्षणाच्या वेळी मंद लाल किंवा हिरवा उजेडच हवा. लाल दिव्याखाली रक्त दिसत नाही, ओठांचा निळेपणा कळत नाही, आणि औषधाच्या कुपीवरची लाल अक्षरं पुसली गेल्यासारखी होतात. लखलखीत दिव्यांत शिकलेली तुकडी पुढे रात्रीच्या सरावात कुप्या हातात धरून एकमेकांकडे बघत उभी राहिलेली मी पाहिली आहे. त्यानंतर त्या ठिकाणी दोन वेगळे सर्किट झाले.

वीज. विमानात ११५ व्होल्टची, ४०० हर्ट्झची वीज असते. रुग्णालयाच्या उपकरणांना ती चालत नाही, मध्ये फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि त्याची क्षमता ठरलेली असते. सिम्युलेटरमध्ये आपण भिंतीतली साधी वीज देतो, पण विमानासारख्या सॉकेटमधून आणि कन्व्हर्टरसारख्या पेटीतून. त्या पेटीत मर्यादा घाला. सक्शन, तीन व्हेंटिलेटर आणि सहा इन्फ्यूजन पंप एकदम जोडले की फ्यूज उडायलाच हवा. मग कोणत्या उपकरणाची बॅटरी किती वेळ चालते, हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. पावसाळ्यातली ओल आणि धातूची जमीन लक्षात घेऊन गळती होताच वीज तोडणारी यंत्रणा प्रत्येक सर्किटला लावा.

ऑक्सिजनबाबत मी स्वतः केलेली चूक सांगतो. सिम्युलेटरमध्ये खरा ऑक्सिजन सोडायचा नसतो. बंद जागा, तेलाचे डाग, विजेची उपकरणं, आगीला निमंत्रण. म्हणून मी बाहेर कॉम्प्रेसर ठेवून नळीने दाबाखालची हवा आणली. काम छान चाललं. चार-पाच महिन्यांनी आमच्याकडून शिकून गेलेली एक नर्स भेटली. सरावाच्या खऱ्या उड्डाणात तिच्या टाकीचा काटा तळाला जाईपर्यंत तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. तिने तक्रार केली नाही, सहज सांगितलं. पण मला लगेच कळलं. माझा कॉम्प्रेसर कधी संपत नव्हता. सगळ्या तुकडीला मी शिकवलं होतं की ऑक्सिजन संपत नाही. दुसऱ्या दिवशी मी नळी तोडली आणि हवेनेच भरलेली छोटी नळकांडी आणली, जी खरोखर रिकामी होतात. तुमच्याकडे बी टाइप सिलिंडर असतात, भरलेला असेल तर सुमारे १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने १५० मिनिटं. एवढा हिशोब प्रत्येक विद्यार्थ्याने चढण्याआधी स्ट्रेचरवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहावा, आणि विमानाला उतरायला उशीर झाला असं प्रशिक्षकाने मध्येच जाहीर करावं.

आता सिम्युलेटर जे देऊ शकत नाही ते. जमिनीवरच्या सांगाड्यात हवेचा दाब बदलत नाही. खऱ्या उड्डाणात केबिनमधला दाब बहुधा ८००० फुटांपर्यंतच्या उंचीशी जुळणारा ठेवतात. समुद्रसपाटीला पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो तो तिथे सुमारे ५६५ होतो. परिणाम दोन. एक, जमिनीवर १५-१६ टक्के ऑक्सिजन असलेली हवा श्वासात घ्यावी तशी रुग्णाची स्थिती होते, आणि ज्याचं फुप्फुस आधीच कमजोर आहे तो काठावरून खाली घसरतो. दोन, अडकलेली हवा फुगते. १०० मिलिलिटरची सुमारे १३५ मिलिलिटर. छातीत फुप्फुसाबाहेर अडकलेली हवा, आतड्यातली हवा, कवटीत शिरलेली हवा, श्वासनळीतल्या ट्यूबभोवतीच्या फुग्यातली, म्हणजे कफमधली, हवा. आपल्याकडे सलाइन अजून पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकच्या बाटलीतून देतात, तिच्यात वर हवा असते. ती फुगली की थेंबांचा वेग बदलतो.

हे "समजा दाब कमी झाला" असं म्हणून शिकवणं मला मान्य नाही. समजायला सांगितलेली गोष्ट हाताला कळत नाही. आम्ही मॅनिकिनच्या कफला एक बारीक नळी जोडून ती भिंतीमागे नेली आणि तिथे सिरिंज लावली. विमान "वर" जायला लागलं की प्रशिक्षक हळूहळू हवा भरतो. २५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबावर ठेवलेला कफ ५० च्या वर जातो. ज्या नर्सने दाब मोजणारा मॅनोमीटर लावला तिला दिसतं, जिने नाही लावला तिला शेवटी छापील आकडे दाखवतात. मॉनिटरवरचं ऑक्सिजन सॅच्युरेशन चढणीबरोबर आपोआप उतरेल, असंही आधीच लिहून ठेवता येतं. उत्तर केवळ ऑक्सिजन वाढवणं नसून वैमानिकाला कमी उंचीच्या केबिनसाठी विनंती करणं हेही असतं, आणि त्याने इंधन जास्त जळतं, वेळ लागतो. म्हणून वैमानिकाची भूमिका करणारा एक माणूस हेडसेटवर हवा. खरं कॉकपिट नसलं तरी चालेल. माझ्या मते सांगाड्याचं नाक जागेअभावी कापावं लागलं तर खुशाल कापा. फक्त पुढच्या डाव्या बाजूचा दरवाजा वाचवा, तो बाहेर पडायचा दुसरा मार्ग आहे.

एवढं करूनही शरीराला खरा अनुभव मिळत नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगा. तो हवेचा दाब कमी करता येणाऱ्या दाबकक्षातच मिळतो. बंगळूरला हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे, १९५७ साली सुरू झालेली. या क्षेत्रातलं ज्ञान तिथे आहे. अशा ठिकाणचा एखादा तज्ज्ञ वर्षातून एकदा आणला तरी तुमच्या सांगाड्यात जे अर्धवट राहतं ते भरून निघेल.

एक व्यावहारिक गोष्ट, जिच्यामुळे आमचा एक आठवडा बुडाला. ॲल्युमिनियमचं धड रेडिओलहरी अडवतं. बाहेरच्या वाय-फायवर चालणारा मॅनिकिन आत नेला की गप्प होतो. राउटर आतच बसवा, आणि प्रशिक्षकाच्या खोलीपर्यंत तार ओढा. ती खोली सांगाड्याबाहेर हवी. प्रशिक्षक आत दिसत राहिला की विद्यार्थी रुग्णाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघतात. चार-पाच कॅमेरे पुरतात, त्यातला एक वरच्या स्ट्रेचरच्या पातळीवर. सत्र ४० मिनिटांचं असेल तर नंतरची चर्चा तासाभराची ठेवा.

आता आपल्याकडचं. सी-१३० चा सांगाडा मिळण्याची शक्यता नाही, आपल्याकडची ती विमानं २०११ पासूनची, नवी आहेत. एएन-३२ किंवा ॲव्रो ही हवाई दलाची जुनी वाहतूक विमानं नजरेसमोर ठेवण्याजोगी. एएन-३२ हवाई दलात १९८४ पासून आहे, त्यात २४ स्ट्रेचर बसतात, आणि कक्षाची उंची सुमारे १.८४ मीटर. म्हणजे उंच माणसाला वाकूनच काम करावं लागतं, आणि तीच तिची शिकवण. तिचा मागचा रॅम्प खाली उतरतोच, शिवाय धडाखाली सरकूनही जातो, त्यामुळे ट्रकच्या हौद्यातून थेट आत स्ट्रेचर सरकवण्याचा सराव होतो. ॲव्रोची जागा आता सी-२९५ हे नवं विमान घेत आहे, म्हणून तिचा सांगाडा मिळू शकतो, पण ॲव्रोला मागे रॅम्प नाही. रुग्ण बाजूच्या दरवाजातून वळवून घ्यावा लागतो. रॅम्पची मजा नसली तरी २२९ सेंटिमीटरचं स्ट्रेचर अरुंद दारातून फिरवणं हे छोट्या नागरी विमानांत रोजचंच आहे, त्यामुळे तुमच्या मुलांना कदाचित त्याचाच उपयोग जास्त होईल. कोविडच्या काळात हवाई दलाने "अर्पित" नावाची ३२ किलोंची पारदर्शक बंदिस्त खाट तयार केली होती. तशी एखादी चौकट करून ती दारातून आत घ्यायला लावा, संसर्गजन्य रुग्णाच्या वाहतुकीचा सराव त्यातून होईल.

हवामानाचा विचार आधी करा. ॲरिझोनात टिकलेलं धड कोकणात दोन पावसाळ्यांत खराब होईल, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावरच्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात माणूस थांबू शकणार नाही. वर शेड हवीच, बाजू मोकळ्या. आत वातानुकूलन बसवा पण असमान ठेवा. खऱ्या विमानात रॅम्पजवळ आणि जमिनीलगत गारठा, वर छताशी उकाडा. रक्तस्राव झालेला रुग्ण खालच्या थरात ठेवला तर तो थंड पडतो, आणि थंड पडलेल्याचं रक्त नीट गोठत नाही. हा संबंध तुम्हाला मी सांगायला नको, पण तो थर्मामीटर लावून दाखवायची संधी सोडू नका. पंखांच्या जागी उरलेली भोकं बंद करा, नाहीतर पहिल्या महिन्यात कबुतरं आणि गांधीलमाश्या मुक्कामाला येतील, आणि मग निर्जंतुक साहित्याचा सराव करता येणार नाही.

सांगाडा बघायला जाल तेव्हा बरोबर चार धडधाकट विद्यार्थी, एक स्ट्रेचर आणि ८० किलो वाळू घेऊन जा. कागद बघण्याआधी ते स्ट्रेचर दारातून आत नेऊन, शेवटच्या टोकाला ठेवून, पुन्हा बाहेर आणायला सांगा. किती मिनिटं लागली आणि कुठे अडकलं ते मला कळवा. त्यावरून दाराची कोणती बाजू मोकळी करायची आणि खांब कुठे बसवायचे, ते मी तुम्हाला इथून आखून देईन.